पीएचक्यू-9 चा आकडा किती खरा धरायचा? (उपकेंद्रावरून प्रश्न)

उपकेंद्रवाली (समुदाय आरोग्य अधिकारी, बीड जिल्हा)
सोमवार, रात्री 10.20

नमस्कार. मी बीएएमएस, उपकेंद्रावर सहा वर्षं झाली. बीपी-शुगरचं रजिस्टर झोपेतही भरेन इतका हात बसलाय. पण नैराश्याचा जो नऊ प्रश्नांचा फॉर्म आहे, पीएचक्यू-9, त्यानं यंदा माझी दोनदा फजिती केली. आता टॅबवर तो उघडला की बोट अडतं.

ज्यांना आमची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजारांची शक्यता तपासायची यादी) भरतात, त्यात मनाबद्दल दोन प्रश्न असतात. तिथं गुण जास्त आले की माणूस माझ्याकडे येतो. मी नऊ प्रश्न विचारते, 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा' असे. प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27. बेरीज 10 किंवा वर गेली की वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचं.

पहिली फजिती एप्रिलमधली. कोयत्यावरून, म्हणजे ऊसतोडीवरून परत आलेली बाई, वय 34. बेरीज 16. माझे हातपाय गार. चिठ्ठी लिहून नवराबायकोला चाळीस किलोमीटरवर मानसोपचाराच्या ओपीडीला धाडलं. दोघांचा रोज बुडाला, एसटीचं भाडं गेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पापणीची आतली बाजू बघितली आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं. 6.8! अंगात रक्तच नव्हतं. पाळीत अंगावरून फार जातं, हे तिनं मला सांगितलंच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी नऊ प्रश्न विचारत बसले होते.

रात्री घरी येऊन तिचा फॉर्म पुन्हा काढला. झोप 3, थकवा 3, भूक 3, लक्ष 3, हालचाल मंद 3. या पाचांतूनच 15. कशात रस वाटत नाही याला 1, उदास वाटतं याला 0. आणि 'लक्ष' मध्ये 3 कसे आले ते तर सांगायलाही लाज वाटते. प्रश्न आहे, वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही का. ती म्हणाली, "पेपरात कशाचं लागतंय बाई लक्ष, मला वाचाया कुठं येतंय." मी 'जवळजवळ रोज' वर टिचकी मारून पुढं गेले. बाहेर लसीकरणाची रांग होती.

झोपेचंही तसंच. टोळी पहाटे तीनला उठते. सहा महिने पाचटाच्या खोपीत काढलेल्या बाईला 'झोप नीट लागते का' विचारणं म्हणजे थट्टाच.

दुसरी गोष्ट जास्त लागलीय. 52 वर्षांचा शेतकरी, सोयाबीन आणि थोडा कापूस. बीपीची गोळी न्यायला दर महिन्याला येतो. शांत माणूस, आशाताईंच्या दोन्ही प्रश्नांना शून्य. त्या दिवशी त्याचा चेहरा बघून मीच फॉर्म काढला. बाकावर त्याची बायको होती, पलीकडे भावकीतला एक जण. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच: "नाई, तसलं काई नाई." बेरीज 4. टॅबनं हिरवा रंग दाखवला. अकराव्या दिवशी त्याच्या भावानं शेतातून त्याला हाताला धरून आणलं. फवारणीची बाटली तोंडाला लावायच्या आधी हिसकावली होती. वाचला. काहीच झालेलं नाही, असं आता गाव म्हणतं.

तर 16 वाल्या बाईला नैराश्य नव्हतं आणि 4 वाला मरायला निघाला होता. मग हा फॉर्म भरायचा कशाला? मी चिडून नाही विचारत. म्हणजे चिडलेच आहे, पण उत्तरही हवंय. आणि नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, तो बायकोच्या देखत, भावकीच्या देखत कुठल्या तोंडानं विचारायचा?

---

मनोविकार_लातूर (मनोविकारतज्ज्ञ)
सोमवार, रात्री 11.55

मॅडम, सविस्तर लिहिलंत ते बरं झालं. 'फॉर्म चांगला की वाईट' एवढंच विचारलं असतंत तर मी उत्तर दिलं नसतं.

आधी हा फॉर्म आला कुठून ते. अमेरिकेत स्पिट्झर, क्रोंके आणि विल्यम्स या तिघांनी बनवला, 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. फॅमिली डॉक्टरांचे आणि स्त्रीरोगाचे मिळून सहा हजार रुग्ण होते, त्यातल्या 580 जणांची तज्ज्ञांनी फोनवर मुलाखत घेऊन ताळा केला. 10 ही रेघ तिथली. तिथले बहुतेक रुग्ण स्वतः वाचून, स्वतः खूण करणारे. तुमच्याकडे तो तोंडी होतो, तुमच्या आवाजात, लसीकरणाची रांग बाहेर ठेवून. फॉर्म तोच राहिला, परीक्षा बदलली.

आता आकडेमोड, कारण यावरच सगळे फसतात. 2019 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकामध्ये पुष्कळ अभ्यास एकत्र करून हिशेब आला: 10 च्या रेघेला खऱ्या रुग्णांपैकी 88 टक्के सापडतात आणि नैराश्य नसलेल्यांपैकी 85 टक्के बरोबर सुटतात. ऐकायला झकास. समजा तुमच्या ओपीडीतल्या 100 जणांपैकी 10 जणांना खरंच नैराश्य आहे. त्यातले 9 सापडतील. उरलेल्या 90 पैकी 13-14 जण उगाच रेघेच्या वर येतील. म्हणजे 10 च्या वर गेलेल्या 22-23 जणांत खरे 9. अर्ध्याहून जास्त जण तुमच्या त्या बाईसारखे. फॉर्म बिघडलाय म्हणून हे होत नाही. चाळणी अशीच असते. काडीवर शुगर जास्त दिसली म्हणून आपण लगेच इन्शुलिन टोचतो का?

16 पाहिल्यावर चिठ्ठी लिहायच्या आधी चार गोष्टी बघा. पहिल्या दोन प्रश्नांत काय आहे? निदानाला नऊपैकी किमान पाच लक्षणं निम्म्याहून जास्त दिवस लागतात, आणि त्यात रस जाणं किंवा उदासी यांतलं एक असावंच लागतं. तुमच्या बाईला तिथं 1 आणि 0. तिचं निदान तिथंच अडलं होतं. मग फॉर्मच्या तळाशी एक दहावा प्रश्न असतो, गुण नसलेला, म्हणून सगळे सोडून देतात: या त्रासामुळं काम, घर, माणसं सांभाळणं किती अवघड झालंय? तो विचारा. मग पापणी, थायरॉइड, शुगर, लांबलेला खोकला, नवऱ्याची दारू, स्वतःची दारू. आणि गोळीचा विषय निघण्याआधी हे विचाराच: कधी असे दिवस आले का, की झोप नाही तरी अंगात वारं भरल्यासारखं, बोलणं थांबेना, पैसा उधळला? तसं असेल तर नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते.

शेतकऱ्याबद्दल. त्या बाकावर, भावकीच्या शेजारी बसून मीही शून्यच सांगितलं असतं. तुम्हाला चेहरा बघून शंका आली होती, आणि 4 बघून तुम्ही ती शंका खाली ठेवलीत. पुढच्या वेळी आकडा आणि शंका यांचं भांडण झालं तर शंकेच्या बाजूनं उभ्या राहा.

नववा प्रश्न एकट्यात विचारायचा, आणि सरळ विचारायचा. विचारल्यानं डोक्यात किडा शिरतो हा समज खोटा आहे, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. 'हो' आलं तर पुढचं: काही ठरवलंय का, साधन घरात आहे का, आधी कधी प्रयत्न केलाय का. ठरवलेलं असेल तर त्याच दिवशी माणूस सोबत देऊन वर पाठवायचं, एकटं सोडायचं नाही. घरातलं कीटकनाशक दुसऱ्याच्या घरी, कुलपात. रात्रीबेरात्री 14416 आहे, टेलिमानस, मराठीत बोलतात. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि निम्म्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही नंबर पाठ नाही.

---

जुना_स्टेथो (निवृत्त जनरल प्रॅक्टिशनर)
मंगळवार, सकाळी 6.40

चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली. रुग्ण दारातून आत येताना चपला कशा काढतो त्यावरून कळायचं. हे प्रश्नपत्रिकेचं खूळ अमेरिकन आहे. माणसाशी बोला की! गुण कसले देता?

---

मनोविकार_लातूर
मंगळवार, सकाळी 8.05

सर, आदर आहेच. पण चपलांवरून जे कळले नाहीत ते परत आलेच नसतील, म्हणून तुम्हाला आठवतही नसतील. फॅमिली डॉक्टरांना निव्वळ अनुभवावर किती नैराश्य ओळखता येतं याचे अभ्यास 2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकामध्ये एकत्र केले होते. प्रमाण निम्म्याच्या आसपास निघालं. आणि आपल्याकडे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या 85 जणांना उपचारच मिळत नव्हते. ते दारापर्यंतही आले नव्हते.

---

हडर्सफील्डकर (जीपी, यॉर्कशायर, मूळ सातारा)
मंगळवार, दुपारी 2.15

बीडच्या मॅडम, तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. हाच तमाशा आम्ही इथं सरकारी खर्चानं केला आहे.

एप्रिल 2006 पासून इथल्या जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, कामगिरीच्या गुणांवर पैसे मिळायचे, त्यात नैराश्याचं नवं निदान केलं की तीव्रता मोजणारा एखादा फॉर्म भरायचा होता: पीएचक्यू-9, बेक किंवा हॅड्स. 2009 पासून काही आठवड्यांनी दुसऱ्यांदाही भरायचा. 2013 मध्ये दोन्ही अटी काढून टाकल्या. मधल्या काळात काय झालं ते मी स्वतः केलेलं सांगतो. रुग्ण रडून झाला, गोळी द्यायची हे ठरलं, चिठ्ठी छापून झाली, आणि मग मी ड्रॉवरमधून फॉर्म काढायचो. "जाता जाता एवढं भरा." म्हणजे निर्णय आधी, मोजमाप नंतर. पैशाला गुण पाहिजेत म्हणून.

गंमत म्हणजे फॉर्म डॉक्टरांना नकोसा होता, रुग्णांना नव्हता. 2009 मध्ये बीएमजेमध्ये यावर मुलाखती आल्या होत्या: रुग्णांना वाटायचं, आपलं कुणीतरी मनावर घेतलं, डॉक्टरांना वाटायचं, माझ्या अंदाजापुढं या कागदाची काय किंमत. माझ्याकडे एक बसचालक होता. पहिल्यांदा 21. त्यानं तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला. दोन महिन्यांनी 13 आले. स्वतःहून जुना कागद काढून टेबलावर शेजारी ठेवला आणि बोटानं ओळी जुळवत बसला. "झोपेत काहीच फरक नाही," म्हणाला, "पण बघा, हे स्वतःला नालायक समजणं 3 वरून 1 वर आलंय." मला ते जाणवलंच नव्हतं. मी त्याला 'बरा दिसतोस' म्हणून घरी पाठवणार होतो. तेव्हापासून माझं मत असं की पहिला आकडा फारसा बोलत नाही, दुसरा पहिल्याशेजारी ठेवला की बोलतो. 5 गुणांची घट ही खरी घट धरतात, निम्म्यावर आलं तर औषध लागू पडलं, 5 च्या खाली गेलं तर बरं झालं.

'कुणाच्या देखत' याबद्दल एक. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक मराठी आजी. मुलगा सोबत. मी मराठी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, माझं आडनाव इकडं सगळे वाकडंतिकडं उच्चारतात. सवयीनं मी इंग्रजीत सुरुवात केली, मुलगा भाषांतर करत होता. चांगलं करत होता. आठ प्रश्न झाले. नववा मी विचारला तर तो आईकडे न बघताच मला म्हणाला, "नो, शी इज फाइन." प्रश्न आईपर्यंत गेलाच नाही! मी मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवलं आणि म्हटलं, "आजी, मी कोरेगावचा." मग पाऊण तास गेला. बाहेर माझी रांग खोळंबली, रिसेप्शनिस्टनं दोनदा दार वाजवलं. त्या काय बोलल्या ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की शी वॉज नॉट फाइन.

---

आशा_गेवराईकडची
मंगळवार, रात्री 9.30

मॅडम, मी आशा आहे, दहावी पास. मोठ्या लोकांत बोलायचं धाडस करते.

ते दोन प्रश्न कागदावर जसे आहेत तसे मी विचारतच नाही. 'उदास' म्हटलं की बाया विचारतात, म्हंजी? 'निराश' म्हटलं की म्हणतात, निराश्या कशाला होऊ, चांगली लेकरं हायती. मी विचारते, "करमतंय का?" बास. करमत नाही हे कुणीबी सांगतं, त्याची लाज नाही. दुसरं विचारते, "आधी जे आवडीनं करायच्या, भजन, रानात जोडीनं जाणं, पोराच्या डब्याला काई चांगलं करणं, ते आता करू वाटतंय का?" कुणी म्हणतं जीव घाबरा होतो, कुणी म्हणतं डोकं भणभणतं, अंगातून वाफा निघत्यात, सगळं गळून गेल्यावानी. ते सगळं मी कोपऱ्यात लिहिते, टॅबमध्ये त्याला जागा नाही.

आणि दोन आठवडे कुणाला कळत नाहीत. "मागच्या दोन बाजारांपासून" म्हणा. आमचा बाजार शुक्रवारी. मग लगेच आठवतं, त्या बाजाराला गेले होते का, का पडून होते.

पुरुष माझ्याशी बोलत नाहीत. ते शून्यच सांगणार. बायकोला इच्यारा, रात्री उठून अंगणात बसतो का, आणि जनावरांकडं ध्यान देतो का. माणूस गोठ्याकडं बघायचा थांबला की मला भ्या वाटतं.

---

इचलकरंजीची_बाई (शिक्षिका)
बुधवार, दुपारी 4.10

मी डॉक्टर नाही, मी तो फॉर्म भरलेली आहे. माझी 18 होती. कंपाउंडरनं बेरीज करून आतल्या डॉक्टरांना मोठ्यानं ओरडून सांगितली, "मॅडमचे अठरा!" बाहेर माझ्या वर्गातल्या मुलाची आई बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत मला वाटत राहिलं की सगळ्यांना माझे मार्क माहीत आहेत. गोळीनं मी बरी झाले, एस्सिटालोप्राम, तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली. पण त्या दवाखान्यात परत गेले नाही. दुसरीकडे गेले आणि तिथं सगळं शून्य लिहिलं.

---

मनोविकार_लातूर
बुधवार, रात्री 10.30

इचलकरंजीच्या बाईंचा निरोप प्रिंट काढून माझ्या बाहेरच्या टेबलावर लावतोय.

आशाताई, 'करमतंय का' हा शब्द आमच्या कुठल्याही भाषांतरात नाही आणि असायला हवा होता. गोव्यात परवरीच्या 'संगत' संस्थेनं विक्रम पटेल यांच्या पुढाकारानं दवाखान्यांत 24 ठिकाणी मानस नावाचा प्रयोग केला होता. नैराश्य-चिंतेच्या रुग्णांशी बोलण्याचं काम डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना दिलं. 2010 मध्ये निकाल आला: सरकारी केंद्रांत रुग्ण लक्षणीय जास्त सुधारले, खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही. तिथंही सुरुवातीला चाळणीचा फॉर्मच होता, दुसरा, 12 प्रश्नांचा. पण फॉर्मनंतर बसून ऐकणारं माणूस होतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या प्रकल्पानं गावातलीच माणसं तयार केली, तर नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 वर गेले.

बीडच्या मॅडम, तुम्हाला एक कृतीची गोष्ट सुचवतो. 'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त' हे शब्द तोंडी विचारताना निसटतात. अमेरिकेतल्या काही सरकारी पाहण्यांत दिवस मोजूनच विचारतात: 0-1 दिवस म्हणजे 0, 2 ते 6 म्हणजे 1, 7 ते 11 म्हणजे 2, 12 ते 14 म्हणजे 3. तुम्ही दिवसच विचारा, गुण नंतर लावा.

---

उपकेंद्रवाली
पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी 7.45

उशिरा लिहितेय, मधे पेरण्या, साथीचे ताप, आणि टॅब तालुक्याला दुरुस्तीला.

बाईचं आधी. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाची इंजेक्शनं झाली, पाळीचा उपचार सुरू आहे. हिमोग्लोबिन 9.4. फॉर्म पुन्हा भरला, पेपरऐवजी विचारलं, "भाकरी थापताना ध्यान दुसरीकडंच जाऊन भाकरी करपते का?" हसायला लागली. बेरीज 5. ऑक्टोबरात पुन्हा कोयत्यावर जायचंय, मुकादमाची उचल घेऊन झालीय. त्याला माझ्याकडं फॉर्म नाही.

खोलीचं: आमच्याकडं खोली एकच. मग लस ठेवायच्या फ्रिजपलीकडं जुनी चादर बांधली, दोन खुर्च्या टाकल्या. बीपीला बोलावते तसं प्रत्येकाला एकट्याला आत घेते. सरसकट घेतल्यामुळं आता 'याला का आत घेतलं' असं कुणी विचारत नाही. बायकोला वेगळं विचारते. आशाताईंचा गोठ्याचा प्रश्न माझ्याकडं कायमचा आला आहे.

दिवस मोजायला मी तुरीचे 14 दाणे एका वाटीत ठेवलेत. "हे मागचे दोन बाजार. यातल्या किती रात्री झोप लागली नाही? तेवढे इकडं सरकवा." लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही जमतं, आणि हात गुंतला की तोंड सुटतं. एक तोटा आहे. एका आजीनं बोलता बोलता दोन दाणे तोंडात टाकले.

आता तो शेतकरी. मीच त्याच्या घरी गेले, बीपी बघायचं निमित्त काढून. दुसऱ्या दिवशी तो उपकेंद्रात आला. चादरीमागं बसला, दाणे पुढं ठेवले. बराच वेळ तो दाण्यांकडं बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, हे आपल्याच रानातले का?" त्याच्या भावानं दिलेली तूर होती ती. मग सरकवायला लागला. करमत नाही: तेरा. झोप: चौदाच्या चौदा. घरच्यांची मान खाली घातली असं वाटणं: आधी पाच सरकवले, मग तळहातानं सगळेच ढकलले. नवव्याला मी आवाज न बदलता विचारलं, म्हणजे निदान तसा प्रयत्न केला. पाच दाणे. बेरीज 19.

बाटलीचं विचारलं. शेतातली भावानं नेली होती, दुसरी पेटीत कपड्यांखाली होती. ती त्याच संध्याकाळी आशाताईंनी आणि भावानं मिळून काढली. 14416 ला मी माझ्याच फोनवरून लावून दिला, तो वीस मिनिटं बोलला. मी तोवर बाहेर उभी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या गुरुवारी उपजिल्हा रुग्णालयात येतं. भाऊ मोटरसायकलवर घेऊन गेला. फ्लुओक्सेटिन सुरू झाली. पहिल्या दहा दिवसांत "हिचा काईच उपेग नाई" म्हणून सोडणार होता. बीपीच्या गोळीसारखीच हीही रोज घ्यायची आणि फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात, हे मी त्याला तीन वेळा सांगितलं, बायकोला चार वेळा.

काल त्याचा दुसरा फॉर्म झाला. 12. झोपेचे चौदा दाणे हललेच नाहीत. करमत नाही तेराचे नऊ झाले. मान खाली घातल्याच्या प्रश्नाला त्यानं तीन सरकवले आणि म्हणाला, "ते बी भाऊ आला की वाटतं, एरवी नाई." बैलाला नवी वेसण घातली, हे त्यानं न विचारता सांगितलं. हडर्सफील्डच्या डॉक्टरांच्या बसचालकासारखं मीही त्याला जुना कागद दाखवला. त्याला अंक वाचता येतात. 19 वर बोट ठेवून त्यानं विचारलं, "एवढं होतं?"

नवव्याला त्यानं दोन दाणे सरकवले. मग एक मागं घेतला. माझ्याकडं बघितलं, आणि तो परत पुढं ठेवला. "दोनच लिहा."

काही ठरवलंय का हे पुन्हा विचारलं, नाही म्हणाला. बायकोलाही विचारलं. पुढच्या गुरुवारची तारीख दिली. टॅबवर नवव्या प्रश्नाला मागच्या वेळी पाचाचा 1 गेला होता, या वेळी दोनाचाही 1 च गेला. वहीच्या समासात मी 5 आणि त्याच्या खाली 2 लिहून ठेवलंय.